इंजिनिअरिंग कंपनीत कोडिंगची पहिली नोकरी लागली? आधी एकक विचारा

नमस्कार. कॉम्प्युटरचं शिक्षण झालं आणि नोकरी लागली ती पाइपलाइन, पूल, यंत्रं डिझाइन करणाऱ्या कंपनीत. बरेच जण मला विचारतात, आपण मुख्य प्रवाहातून बाजूला तर पडत नाही ना? मला वाटतं, प्रोग्रामिंग खऱ्या अर्थाने अंगात मुरायला यापेक्षा चांगली जागा नाही. का, ते सांगतो.

पहिल्याच आठवड्यात तुमच्यासमोर एक जुनी एक्सेल शीट येईल. भरपूर टॅब, मॅक्रो, आणि ती बनवणारे साहेब केव्हाच रिटायर झालेले. कधी फोरट्रानमधला प्रोग्रामही येईल. ही भाषा १९५७ पासून वापरात आहे आणि गणिती कामात अजून टिकून आहे. हे सगळं पायथनमध्ये नव्याने लिहून काढायला हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते.

माझ्याकडे आलेली शीट पाइपमधल्या वायूचा वेग काढायची. तिच्या एका लपवलेल्या कॉलममध्ये प्रत्येक दाबात १.०१३ मिळवलेले होते. टीप नाही, काही नाही. मी तो कॉलम फालतू समजून नव्या प्रोग्राममधून काढून टाकला. चार-पाच ओळी तपासल्या, उत्तरं जवळपास जुळली, काम दाखवायला घेऊन गेलो.

सीनिअर इंजिनिअरांनी प्रिंटआउट घेतला, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि कागदाच्या मागे गणित मांडलं. मग म्हणाले, "अरे, हा दाब गेज आहे की ॲब्सोल्यूट?"

मला प्रश्नच कळला नाही. तर बघा, गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो. वायूची घनता काढताना मात्र एकूण, म्हणजे ॲब्सोल्यूट दाब लागतो. त्यासाठी गेजच्या आकड्यात वातावरणाचा १.०१३ बार मिळवायचा; बार हे दाबाचं एकक. मी तपासलेल्या ओळी ६० बारच्या आसपासच्या होत्या. तिथे फरक दोन टक्केही पडत नाही, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. पण २ बारच्या लाइनला घनता एक तृतीयांशाने कमी आली आणि वेग थेट दीडपट! त्या आकड्यावरून पाइपचा व्यास ठरणार होता.

कोड चालला म्हणजे उत्तर बरोबर आलं, असं इथे धरता येत नाही. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने पाउंड-फोर्स सेकंद या एककात आकडे दिले होते, आणि पुढच्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. जवळपास साडेचारपट फरक, आणि प्रोग्राम विनातक्रार चालत राहिला.

त्याहून मला जास्त अस्वस्थ करतं ते नॉर्वेतलं उदाहरण. २३ ऑगस्ट १९९१. स्लाइपनर ए या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत होते. भिंत फुटली आणि सगळा पाया बुडाला. फायनाइट एलिमेंट विश्लेषणात, म्हणजे बांधकामाचे कॉम्प्युटरवर छोटे तुकडे पाडून केलेल्या गणितात, त्या तुकड्यांची जाळी (मेश) नीट घेतली नव्हती. त्यामुळे भिंतीवरचा शिअर, म्हणजे तिला कापू पाहणारा ताण, ४७ टक्के कमी धरला गेला. नंतर काळजीपूर्वक गणित केलं तेव्हा उत्तर आलं, भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात फुटली ६५ मीटरवर. म्हणजे उत्तर मिळण्यासारखं होतं.

म्हणून जुनी शीट आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवा, आणि त्यात टोकाचे आकडे घ्या: सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, शून्य. कुठलाही आकडा का आहे हे कळेपर्यंत काढू नका. एक तरी उत्तर कागदावर हाताने काढून बघा. आणि साइटवर न्यायला सांगा, हे तर मी आग्रहाने सांगेन. गेजचा काटा हवेत शून्यावर उभा असलेला मी स्वतः पाहिला, तेव्हा कुठे ते १.०१३ मला खरं पटलं.

आता माझ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये नुसतं 'दाब' असं नाव सापडणार नाही. 'दाब_बार_गेज' किंवा 'दाब_बार_ॲब्सोल्यूट'. नाव लांबलं तरी चालेल. आणि त्या १.०१३ शेजारी आता दोन ओळींची टीप आहे, माझ्यानंतर ती शीट उघडणाऱ्यासाठी.