टपरीवरची शंका

नमस्कार, श्रोतेहो.

निवडणूक तोंडावर असताना कुठं बॉम्बस्फोट झाला, की आपल्या सोलापुरात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास पडतं: "ह्यांनीच घडवून आणलं असणार." ह्यांनीच म्हणजे जो सत्तेत असेल तो. सरकारं बदलली, वाक्य तेच.

शंका घेऊ नये असं मी म्हणणार नाही. सोलापूरकरानं तर घ्यावीच. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथं दंगल उसळली, पोलीस मारले गेले, कोर्ट जळालं. हे सगळं खरंच घडलं होतं. इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि त्या बंदोबस्तात बंदी कशावर आली? गांधी टोपीवर! आता पोलिसांच्या खुनाशी टोपीचा काय संबंध? पण महिनाभर आधी नगरपालिकेवर तिरंगा चढला होता, तो साहेबाला सलत होता. दंगलीनं त्याला आयतं निमित्त दिलं.

स्पेनच्या राजधानीचं, माद्रिदचंही तसंच. ११ मार्च २००४ ला तिथल्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, एकशे नव्वदहून जास्त माणसं गेली. मतदान तीन दिवसांवर आलेलं. सरकारनं लगेच ईटा या बास्क संघटनेचं नाव घेतलं आणि धागेदोरे दुसरीकडं जाताहेत हे दिसू लागल्यावरही ते लावून धरलं. इस्लामी अतिरेक्यांचं नाव आलं असतं, तर इराकमध्ये फौज कशाला पाठवली हा प्रश्न दारात उभा राहिला असता. स्फोट सरकारनं केले नव्हते. संशयित तेवढा सोयीचा निवडला. लोक रस्त्यावर उतरले, खरं काय ते सांगा म्हणाले, आणि सत्ताधारी पक्ष हरला.

म्हणून टपरीवरच्या मित्रांना माझं सांगणं आहे: स्फोट कुणी केला हे पुराव्याशिवाय बोलू नका. त्यानंतर सरकारनं काय पदरात पाडून घेतलं, तिकडं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये आला तो दोन वर्षांच्या बोलीवर, पंजाब पेटला होता म्हणून. मुदत वाढत वाढत तो १९९५ पर्यंत चालला. गुजरातेत दहशतवाद असा फारसा नव्हता, तरी तिथंही हजारो माणसं त्यात आत गेली. प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी कुठला खासदार काय बोलला, ते संसदेच्या कामकाजात छापलेलं आहे. आपल्या भागाचे खासदार तेव्हा बोलले की गप्प बसले, एवढं तरी एकदा काढून वाचा.