चार वर्षांची कथा, पावणेदोन तासांचा चित्रपट

मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ या सुपरहिरो कॉमिक्स मालिकेच्या १३७व्या अंकात, म्हणजे १९८० साली, त्यातली नायिका जीन ग्रे चंद्रावर आपला जीव देते. तिच्या हातून एक तारा गिळला गेला आहे आणि त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे ५ अब्ज जीव नष्ट झाले आहेत; हे ओझे घेऊन जगणे शक्य नाही, हे तिचे तिलाच उमगलेले असते. जीनला फिनिक्सचे, म्हणजे अफाट वैश्विक शक्तीचे, रूप १९७६ साली लाभले. तेव्हापासून जवळपास चार वर्षे, अंकामागून अंक, वाचक तिचे सामर्थ्य वाढताना, सहकारी स्कॉट समर्सवरचे तिचे प्रेम गहिरे होताना आणि मग तीच जीन अनोळखी होत जाताना पाहत होते.

हे कथानक चित्रपटात दोनदा आले आणि दोन्ही वेळा चाहत्यांची निराशा झाली. २००६ सालच्या चित्रपटाने म्युटंटांवरील, म्हणजे जन्मजात विलक्षण शक्ती असलेल्या माणसांवरील, ‘उपचारा’चे दुसरेच कथानक त्याला जोडले आणि दोन्ही पावणेदोन तासांत बसवली. त्यात स्कॉट सुरुवातीलाच मारला जातो, त्यामुळे ज्याच्या डोळ्यांसमोर जीनचा शेवट व्हायला हवा, तोच माणूस कथेत उरत नाही. २०१९ साली, आधीच्या चित्रपटाच्या सहलेखकांपैकी एक असलेल्या सायमन किनबर्ग यांनी स्वतः दिग्दर्शन करून पुन्हा प्रयत्न केला. पण ही तरुण जीन प्रेक्षकांना त्यापूर्वी केवळ एकाच चित्रपटात भेटली होती. शिवाय परग्रहाचा संहार इथे जीनच्या हातून होतच नाही. फिनिक्सची शक्ती तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो करून आलेली असते. माझ्या मते घाईपेक्षाही ही चूक मोठी आहे, कारण अपराधाचा गाभाच काढून घेतल्यावर त्यागाला वजन कुठून येणार?

सुपरमॅनच्या बाबतीतही हेच घडले. १९९२ साली कॉमिक्समध्ये झालेल्या त्याच्या मृत्यूमागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाची ओळख होती. २०१६च्या चित्रपटात तो मरतो तेव्हा त्या सुपरमॅनचा तो दुसराच चित्रपट होता.

मूळ कथेत बदल केला म्हणून चाहते चिडतात, असे सर्रास म्हटले जाते, आणि चाहतेही भांडताना हाच मुद्दा पुढे करतात. ते तितकेसे खरे नाही. १९९१च्या कॉमिक्समधला खलनायक थॅनोस साक्षात मृत्युदेवीला रिझवण्यासाठी अर्धे विश्व संपवतो, तर २०१८च्या चित्रपटातला थॅनोस अपुऱ्या साधनसंपत्तीचे कारण पुढे करतो. हेतूच बदलला, तरी प्रेक्षकांनी तो स्वीकारला, कारण तो मार्व्हलच्या त्या मालिकेतला १९वा चित्रपट होता आणि त्यात जी माणसे धूळ होऊन विरली, त्यांतली बरीचशी प्रेक्षकांच्या अनेक वर्षांच्या परिचयाची होती.

शिवाय ज्या शेवटाला चाहते आज मूळ मानतात, तो स्वतःच बदललेला आहे. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी आधी जीनची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवले होते. एवढ्या संहारानंतर ती अशी सुटता कामा नये, असा आग्रह मुख्य संपादक जिम शूटर यांनी धरला आणि अंकाचा शेवट नव्याने तयार झाला. १९८४ साली पहिला शेवटही स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला, तरी वाचकांच्या लेखी जीनची खरी कथा राहिली ती चंद्रावर संपणारीच.