दिवा विझलेला आहे, म्हणजे ट्रक बरा आहे असं नाही

नमस्कार मंडळी. इथे मिशिगनमध्ये आपल्यापैकी बरेच जण हल्ली जुना पिकअप घेतात. कुणाला बोट ओढायची असते, कुणाला लाकूड-माती वाहायची असते. महिन्याभरात चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मला फोन येतो. त्यातली बरीच दुखणी ईव्हॅपची, म्हणजे पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेची असतात. आज तेवढ्याबद्दलच बोलतो.

पेट्रोल नुसतं ठेवलं तरी उडतं. ती वाफ उन्हात हवा बिघडवते, म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि पुढच्याच वर्षी देशभर, ती अडवणं सक्तीचं झालं. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, मुरते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती ओढून जाळतं. डब्यात बाहेरची हवा येते ती व्हेंट व्हॉल्व्हमधून. पर्ज एरवी बंद असतो, व्हेंट एरवी उघडा. हे एवढं पाठ करा, पुढचं सगळं त्यावरून कळतं.

ट्रकचा संगणक स्वतःच याची परीक्षा घेतो. बऱ्याच गाड्यांत तो व्हेंट मिटतो, पर्ज उघडून टाकीतली हवा इंजिनाकडून ओढून घेतो, मग पर्जही मिटतो आणि ती ओढ टिकते का ते बघतो. एक मिलिमीटरचं भोक असलं तरी त्याला कळतं. नंतरच्या मॉडेलांत तर अर्ध्या मिलिमीटरचंही. पण ही परीक्षा रोज होत नाही. गाडी रात्रभर थंड झालेली हवी, टाकी फार भरलेली नको आणि फार रिकामीही नको, साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये. म्हणून कधी कधी आठवडे जातात.

घेणारा फसतो तो इथेच. विकणारा स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) लावून संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसतो, दिवा विझतो. पुसलेल्या कोडबरोबर झालेल्या परीक्षांची नोंदही जाते आणि ‘मॉनिटर’, म्हणजे कुठली परीक्षा झाली आणि कुठली नाही हे दाखवणाऱ्या खुणा, पुन्हा अपूर्ण दिसू लागतात. बऱ्याच राज्यांत २००१ नंतरच्या पेट्रोल गाडीचा एक मॉनिटर अपूर्ण असला तरी प्रदूषणाच्या सरकारी तपासणीत चालतो, आणि तो एक बहुधा ईव्हॅपचाच असतो, कारण तोच सगळ्यात उशिरा पूर्ण होतो. आपल्या मिशिगनमध्ये तर अशी तपासणीच नाही. त्यामुळे ट्रक बघायला जाताना स्वस्तातला का होईना, स्कॅनर खिशात ठेवा आणि कोडच्या आधी मॉनिटर बघा. ‘ईव्हॅप अपूर्ण’ दिसलं तर कोड केव्हा पुसले ते स्पष्ट विचारा. २०१० च्या पुढच्या गाड्यांत ‘परमनंट कोड’ही बघा, तो स्कॅनरने पुसता येत नाही.

आपल्याच एका सभासदाचा ट्रक सांगतो. घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात दिवा लागला. कोड पी०४४२, म्हणजे लहान गळती. एका गॅरेजने टाकीचं झाकण बदललं. दिवा परत लागला. मग पर्ज व्हॉल्व्ह बदलला. पुन्हा लागला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! कोड गळतीचा आहे, तो कुठला भाग गेला ते सांगत नाही. हे मी दरवेळी कळवळून सांगतो, कारण पैसे वाया जातात ते कष्टाचे असतात.

गळती कुठून आहे ते दिसावं म्हणून आम्ही ईव्हॅपच्या नळ्यांत यंत्राने धूर सोडला. दाब अर्ध्या पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपासच, म्हणजे अगदी कमी, ठेवायचा. टायरचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नका, टाकी आणि सेन्सर दोन्ही जातील. व्हेंट बंद केला, दोन मिनिटं काहीच नाही. मग मागच्या चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर काढलं. पेट्रोल भरायची लोखंडी नळी जिथे पट्टीने घट्ट धरलेली असते, तिथून धुराची एक बारीक दोरी वर चढत होती. पट्टीखाली हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ आणि चिखल साचून नळी गंजली होती. बोटाने खरवडली तर गंजाचे पापुद्रे हातात आले. नळी बदलली, बाकी कशाला हात लावला नाही.

धुराचं यंत्र नसेल तरी दोन गोष्टी घरी होतात. इंजिन बंद करा, पर्ज व्हॉल्व्हची वायर सोडवा, कॅनिस्टरकडची नळी काढा. आता इंजिन चालू करून व्हॉल्व्हच्या मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच सुरू होत नसेल तर आधी हेच बघा. उलट, पंपाचा नोझल भरताना सारखा टक्कन बंद होत असेल तर व्हेंटची वाट तुंबलेली असू शकते. कच्च्या रस्त्यावर फिरलेल्या ट्रकमध्ये तिथे धूळ बसते, कधी कोळी जाळं करतो. माझदाने २०११ मध्ये कोळ्यांच्या जाळ्यांमुळे खरोखर हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या.

आणि नोझल एकदा थांबला की आणखी दोन घोट कोंबू नका. कोळसा वाफेसाठी आहे. पेट्रोल आत शिरलं की तो भिजतो, आणि नवीन कॅनिस्टर महाग पडतो.

त्या सभासदाला मी टाकी अर्धी ठेवून रोज सकाळी थंड गाडी काढायला सांगितली होती. चौथ्या दिवशी त्याने मला स्कॅनरच्या पडद्याचा फोटो पाठवला. ईव्हॅपचा मॉनिटर पूर्ण झाला होता, कोड एकही नव्हता.