पाठीतलं पाणी

वीसेक वर्षांची मुलगी. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, तोंडाने असंबद्ध बडबड, मग एकाएकी गप्प. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. आधी देवऋषी, मग मनोविकाराची ओपीडी. ओठ मात्र सारखे हलतायत, काही चघळत असल्यासारखे. आणि एका पहाटे आकडी येते.

या आजाराचे रुग्ण बऱ्याचदा याच वाटेने येतात. नाव ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा आपल्याच मेंदूवर उलटते. त्यातला एनएमडीए रिसेप्टरवर (मेंदूच्या पेशींवरचा, निरोप टिपणारा भाग) हल्ला होण्याचा प्रकार 2007 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी ओळखला. त्या पहिल्या 12 जणींपैकी बहुतेकींच्या अंडाशयात गाठ होती. म्हणून अशा मुलीच्या पोटाची सोनोग्राफी करायचीच. गाठ निघाली, तर ती काढणं हाही उपचारच.

हा हल्ला करणारी रक्तातली आणि पाठीतल्या पाण्यातली प्रथिनं म्हणजे अँटिबॉडी. त्यांची तपासणी मोठ्या शहरात होते, रिपोर्टला दिवस लागतात. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. 2016 चे आंतरराष्ट्रीय निकष त्या रिपोर्टविनाही संशय धरू देतात: तीन महिन्यांच्या आत बदललेलं वागणं, भान किंवा स्मरण, जोडीला नव्याने आलेले झटके किंवा पाठीतल्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) वाढलेल्या पेशी, आणि दुसरं कारण नसल्याची खात्री.

पाठीतल्या पाण्याचं नाव काढलं की नातेवाईक हादरतात. ‘लुळी पडेल हो पोर!’ त्यांच्याजवळ बसून सांगावं लागतं, की मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते. नळीत थेंब थेंब पाणी जमतं. डॉक्टर ती उजेडाला धरतात. पाणी नितळ दिसतं, तरी पेशी मोजायच्याच, त्याला मायक्रोस्कोप पुरतो. क्षयाचा मेंदूज्वर यातच शोधायचा. हर्पिस विषाणूमुळे मेंदूला सूज आल्याची शंका फिटेपर्यंत असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध चालू.

मग मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज 1 ग्रॅम, सलाइनमधून, 3 ते 5 दिवस. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) द्यायचं, तर 50 किलोच्या मुलीला 100 ग्रॅम लागतं, खर्च लाखावर जातो. म्हणून स्टेरॉइडची ही सुरुवात इतकी मोलाची. उशीर करू नका, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी तपासलेल्यांपैकी 81 टक्के रुग्ण चांगले सावरले होते, आणि लवकर उपचार मिळालेल्यांचं बरं होणं अधिक चांगलं होतं.

दोन वर्षं, हे आईला आधीच सांगा. झटके आधी थांबतात, आठवण आणि स्वभाव मागाहून येतात. कॉलेजचं एक वर्ष बुडेल. बुडू द्या.