डी ड्राइव्ह उडाला, तरी डेटा जागेवरच असतो

मित्रहो, विंडोज नव्याने टाकताना पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांची यादी समोर येते. घाईत सीऐवजी डी निवडला जातो, डिलीट दाबलं जातं आणि लग्नांचे फोटो, बिलं, डीटीपीचं काम, सगळं एका क्षणात दिसेनासं होतं. समोर स्टुडिओवाले बरेच दिसताहेत, म्हणून आधीच सांगतो: त्या क्षणी पुसलं जातं ते फार थोडं.

पार्टिशनचा तक्ता ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटच्या छोट्या कप्प्यात, चार पार्टिशनच्या नोंदी मावतात, प्रत्येकी १६ बाइटच्या. पार्टिशन कुठून सुरू होतं, केवढं आहे, कोणत्या प्रकारचं आहे, एवढंच त्यात असतं. डिलीट केल्यावर ही नोंद जाते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत हलत नाही, तसंच हे. नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते खरी, पण तिच्या भरवशावर राहू नका. पार्टिशन आपणच डिलीट केलं की दोन्हीकडची नोंद जाते.

मग सापडतं कसं? एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये (फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत), पार्टिशनचा आकार त्याच्याच पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेला असतो आणि त्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी असते. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर अशाच खुणा शोधत डिस्क पालथी घालतं. हद्दी जुळल्या की नोंद पुन्हा लिहिता येते आणि फोल्डर नावांसकट परत दिसतात.

खरा घात होतो तो नंतर. विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? घाबरलेला माणूस हो म्हणतो. कुणी इन्स्टॉलेशन तसंच पुढे रेटतो, कुणी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतो. जिथे नवं लिहिलं गेलं, तिथलं जुनं डेटा रिकव्हरीची कोणतीही लॅब परत देऊ शकत नाही. म्हणून मशीन बंद करा. लिनक्सवर मात्र पार्टिशन अजून माउंट, म्हणजे जोडलेलं असेल आणि फाइली उघडत असतील, तर रीस्टार्ट करू नका. आधी त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

त्यानंतर डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या इमेजवर करायचे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तेही नको. सरळ लॅब गाठा.

फाइल सिस्टिमच मोडली असेल तर फोटोरेक वापरतात. हे सॉफ्टवेअर फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतं. जेपेग नेहमी 'एफएफ डी८ एफएफ'ने सुरू होते. फोटो बरेच मिळतात, पण मूळ नावं आणि फोल्डर जातात. तुकड्यातुकड्यांनी साठवलेले मोठे व्हिडिओ बहुधा अर्धवटच येतात, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

एसएसडीची, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपवरच्या डिस्कची गोष्ट वेगळी, आणि इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. क्विक फॉरमॅट केलं की विंडोज एसएसडीला ट्रिमचा आदेश देते: या जागा आता मोकळ्या. त्यानंतर त्या जागा वाचल्या तर बहुतेक वेळा नुसती शून्यं हाती येतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन चालू असेल, तर पार्टिशन सापडूनही त्याचा पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच.

आणि परत मिळालेल्या फाइली उघडून पाहा. नाव बरोबर, आकार बरोबर आणि आत भलताच मजकूर, असंही होतं. ती तपासणी होईपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका.