खडा, सावली आणि कागदी बाहुली

(दृश्य: मोकळी जमीन. मुलं बोटं वर करून उभी आहेत.)

"उत्तर दिशा कुठे?" विचारल्याबरोबर सगळी बोटं आभाळाकडे गेली. यात मुलांची चूक नाही. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते आणि दक्षिण खाली. तो नकाशा कुणी जमिनीवर अंथरून दाखवला नाही, तर उत्तर अशी आभाळातच राहते. म्हणून या मुलांच्या हाती नकाशा नंतर आला. आधी आली काठी.

(दृश्य: काठी, तिची सावली, सावलीच्या टोकावर खडा.)

काठी सरळ उभी रोवली. सावलीच्या टोकावर एक खडा ठेवला. आता थांबायचं, वीस मिनिटं. पाच वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं फार वाटतात, पण ती गाळू नयेत. खरं शिकणं इथेच होतं.

पाहा, खडा उघडा पडला. काठीला कुणी हात लावलेला नाही, तरी सावली सरकली. नव्या टोकावर दुसरा खडा ठेवू आणि दोन्हींमध्ये दोरी ताणू. सूर्य पश्चिमेकडे सरकतो, म्हणून सावलीचं टोक पूर्वेकडे जातं. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. मध्यान्हीच्या आसपास केलं तर ही रेघ जास्त खरी येते.

सूर्य उगवतो ती पूर्व, एवढं सांगून भागलं नसतं का? पुरतं नाही. उगवतीची जागा वर्षभर बदलत राहते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच सूर्य नेमका पूर्वेला उगवतो.

ही रीत फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखायचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, शंकू म्हणजे सरळ खुंटी रोवून त्याच्याभोवती वर्तुळ काढायला सांगितलं आहे. सावलीचं टोक त्या वर्तुळाला दिवसात दोनदा शिवतं. त्या दोन ठिकाणी खुंट्या ठोकायच्या. त्यांना जोडणारी रेघ म्हणजे प्राची, पूर्व-पश्चिम रेघ.

(दृश्य: लहान हात, घडी पडणारा कागद.)

आता कागद. गोल कापला, मधोमध दुमडला, पुन्हा एकदा दुमडला. उलगडला की घड्यांची फुली तयार. चारही कोन काटकोन, आणि पट्टी लागली नाही, कोनमापकही नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी अक्षरांआधी रंग: चार टोकांना चार. मग हे दिशांचं चक्र पुठ्ठ्यावर चिकटवायचं.

अशा चक्रावर टाचणीनं फिरता काटा लावायची पद्धत आहे. आम्ही तो मुद्दाम लावला नाही. मुलं काटा हवा तसा फिरवतात आणि दिशा आपल्या मर्जीवर आहे असं समजतात. त्याऐवजी मधोमध उभी केली एक कागदी बाहुली. फिरेल ती बाहुली, चक्र जागचं हलणार नाही. पूर्वेचं टोक दुसऱ्या खड्याकडे करून चक्र दोरीवर ठेवलं.

बाहुलीचं तोंड पूर्वेला. तिच्या डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण, पाठीमागे पश्चिम. हे आपल्या शब्दांतच दडलेलं आहे. संस्कृतात पूर्व म्हणजे पुढचा, पश्चिम म्हणजे मागचा आणि दक्षिण म्हणजे उजवा. ही नावं ठेवणारा माणूस उगवतीकडे तोंड करून उभा असणार.

(दृश्य: मुलगी चक्र उचलून छातीशी धरते आणि वळते.)

ही मुलगी चक्र हातात घेऊन वळली. चक्रही वळलं. आता पूर्वेचं टोक भलतीकडेच आहे. कुणी काही सांगत नाही. ती खड्याकडे बघते, पुन्हा चक्राकडे बघते.

(निवेदन थांबते. ती चक्र जमिनीवर ठेवते आणि स्वतः त्याच्याभोवती फिरते.)

वर्गाच्या भिंतींनाही आता मुलं दिशांची नावं घेऊन ओळखतात.

शेवटचा खेळ. काठीपासून चार पावलं उत्तरेला, तिथून दोन पूर्वेला, मग एक दक्षिणेला. तिथे मातीखाली काहीतरी पुरून ठेवलंय.

(दृश्य: पावलं मोजत निघालेली मुलं. निवेदन नाही.)