पत्रादेवीच्या अलीकडचा पंप

(पहाट. महामार्ग. पंपाचे दिवे.)

सकाळचे पावणेसहा. बांद्याजवळचा हा पंप महाराष्ट्रात आहे. याच रस्त्यानं थोडं पुढे पत्रादेवीचा नाका, आणि नाक्यापलीकडे गोवा.

सहा वाजता नवा दर लागेल. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला दर ठरतो. त्याआधी टाकी मोजायची.

(टाकीचं झाकण उघडतं. दांडी आत जाते.)

याला इथे डिप घेणं म्हणतात. दांडीच्या टोकाला पेस्ट लावली आहे. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. बघा, रंग तसाच आहे. दांडी पुसली, खूण वाचली, वहीत आकडा उतरला.

आता घनता. काचेच्या उभ्या नळीत पेट्रोल, त्यात तरंगणारा हायड्रोमीटर, शेजारी थर्मामीटर. आलेला आकडा तक्त्यावरून १५ अंश सेल्सिअसला जुळवायचा आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही.

(पाच लिटरचं माप भरतं. मानेवरची रेघ.)

हे वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलं माप. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतची तफावत कायद्याला चालते, म्हणजे जेमतेम पाच चमचे. त्याहून कमी भरलं तर नोझल बंद. कोणत्याही गिऱ्हाइकानं हे माप मागावं, पंपाला नाही म्हणता येत नाही. ते योग्यच आहे. मापाबद्दल इथे कुणाचीच तक्रार नाही.

(कपाटातल्या फायली.)

तक्रार या कपाटाबद्दल आहे. पेट्रोलियम कायद्याखालचा परवाना वेगळा, जिल्हाधिकाऱ्यांचं ना हरकत वेगळं, वैधमापन वेगळं, पुरवठा खातं वेगळं, प्रदूषण नियंत्रण वेगळं. प्रत्येकाचा तपासनीस वेगळा, आणि प्रत्येक जण तोच नकाशा नव्यानं मागतो.

(पावती यंत्रातून बाहेर येते.)

ही पावती नीट बघा. लिटर, दर, रक्कम. पाच चमच्यांचा हिशोब ठेवणाऱ्या या व्यवस्थेत राज्यानं किती घेतले, ते या कागदावर नाही.

ते आम्ही सांगतो. १ जुलै २०२४ पासून राज्यभर पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. टक्केवारी लागते ती केंद्राचं उत्पादन शुल्क मिळवलेल्या किमतीवर, म्हणजे करावर कर. पंपवाल्याला लिटरमागे मिळणारं कमिशन पाच रुपयांच्या आत आहे. राज्याचा नुसता वरचा अधिभारच त्याहून जास्त.

हा अधिभार कसा चढत गेला, त्यातले काही टप्पे ऐका. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून दोन रुपये. २०१६ ला पाऊस चांगला झाला, दोन रुपये राहिले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, सरकारचा महसूल बुडाला आणि पेट्रोलवर तीन रुपये आले. जून २०२० मध्ये, लोक टाळेबंदीतून बाहेर पडत होते तेव्हा, आणखी दोन. जुलै २०२२ मध्ये पाच रुपये कमी झाले, हेही सांगायला हवं. पण दुष्काळ असो की दारूबंदी, तूट कशानंही येवो, भरायची ती याच नोझलमधून. जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हाही पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेर राहिलं, आणि ते तसंच ठेवण्यात एकाही राज्य सरकारनं कुचराई केली नाही.

(टँकर. पाइप जोडला जातो.)

हा टँकर येण्याआधीच त्याचे पैसे कंपनीकडे गेले आहेत, करासकट. उद्या सरकारनं कर कमी केला तर टाकीतला हा साठा जुन्या कराचाच असतो, आणि विकायचा नव्या दरानं. मे २०२२ मध्ये केंद्रानं पेट्रोलवर एका रात्रीत आठ रुपये कमी केले. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. टाकीत होतं त्याचा तोटा पंपवाल्यानं सोसला.

(मोटारसायकल थांबते.)

"पन्नासाचा घाल. पुढे पत्रादेवीक टाकी फुल करतलंय."

त्याला दोष कसा द्यायचा? इथे दर जास्त, पलीकडे कमी. २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले. पुढे तो कर पुन्हा वाढला, पण बांद्याच्या गाड्यांना लागलेली सवय गेली नाही.

या पंपावर आता रात्रपाळी नाही. दोन मुलं काम सोडून गेली.

(संध्याकाळ. पुन्हा टाकीचं झाकण.)

सात वाजले. शेवटची डिप. दांडी बाहेर येते. सकाळची खूण इथे होती, आताची इथे. मध्ये चार बोटं.